खळ्यावरची पेंढी

ही गोष्ट निघोज्याच्या एका सुताराची. सुतार मी रचलेला. त्याच्या आजूबाजूला जे घडलं, ते मात्र खरोखर घडलेलं आहे.

साल 1913 धरा. आज निघोज्याच्या ज्या माळावर गाड्यांचे कारखाने उभे आहेत, तिथं तेव्हा बाजरी व्हायची, मटकी-हुलगा व्हायचा, आणि ज्या साली पाऊस दगा द्यायचा त्या साली काहीच व्हायचं नाही. खाली इंद्रायणी. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. बाजाराला चाकण.

गावात सुताराचं घर एकच. बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळीतला, म्हणजे सुगीत खळ्यावर त्याचा मान आधीचा. वर्षभर त्यानं नांगर, कुळव, पाभर घडवायची, मोडली तर सांधायची. भर पावसात रुमणं तुटलं तरी हातातली भाकरी ठेवून उठायचं. पैसा कुणी द्यायचा नाही, त्यानं मागायचा नाही. सुगी आली की खळ्यावर जायचं आणि आऊतामागे ठरलेल्या पेंढ्या उचलायच्या. कुठल्या बांधावरची बाभूळ कशी वाकली आहे, हे त्याला पाठ होतं. कारण नांगराच्या खोडाचं वळण झाडातच असावं लागतं, ते तासून आणता येत नाही. काही झाडं तो दहा-दहा वर्षं नजरेखाली ठेवायचा.

पाटलांचा धाकटा मुलगा पुण्याला शेतकी कॉलेजच्या शेतावर जाऊन आला होता. तिथं त्यानं लोखंडी नांगर चालताना पाहिला. लाकडी नांगर जमीन नुसती चिरत जातो, हा तिला उलथून पालथी घालत होता. हरळी-कुंद्याची मुळं उन्हाला पडत होती. पोरानं बापाच्या मागं भुणभुण लावली आणि त्या उन्हाळ्यात चिंचवड स्टेशनावर नांगर उतरला. बैलगाडीतून तो निघोज्यात आला तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. पोरं त्याच्या फाळावर दगडानं टणटण वाजवून पाहत होती.

संध्याकाळी चावडीवर सुतार उभा राहिला. एरवी तो चावडीवर फारसा बोलायचा नाही.

"पाटील, तुमी गावचे धनी. पन येक सांगतो. लोखंडानं काळी आई नासती. लोखंडाचा गंज रानात उतरतो. दोन-चार सालं पिकल बी, मंग बाजरी लाल पडंल आन् रान कायमचं मरंल."

माणसं गप्प झाली. मग एकेकाची मान हलायला लागली. कुणाच्या मामाच्या गावाला असं झालं होतं, कुणी ते ऐकलं होतं. तासाभरात अख्ख्या गावाला पटलं की लोखंडी नांगर म्हणजे जमिनीला विष. पाटलांनी नांगर गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावर शेणी रचल्या गेल्या.

*

इथं जरा थांबतो. लोखंडानं जमीन विषारी होते, ही समजूत मी रचलेली नाही. बेळगावच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना नेमक्या याच वाक्यानं छळलं होतं. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला भावाच्या सायकलच्या धंद्यात शिरले, कडबा कापायची यंत्रं केली आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर ओतायला घेतला. पहिले सहा नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. हा प्रसंग पुढं पुस्तकांत आणि भाषणांत इतक्यांदा सांगितला गेला की तो विनोदच होऊन बसला: एकीकडे द्रष्टा कारखानदार, दुसरीकडे अडाणी शेतकरी.

मला तो विनोद पुरता पटत नाही. शतकानुशतकं याच शेतकऱ्यानं लाकडी नांगराला लोखंडाचाच फाळ लावला होता. त्या फाळानं कधी कुणाची जमीन नासली नाही. मग अचानक लोखंडाचं विष कुठून आलं? माणसं जेव्हा एखाद्या नव्या गोष्टीला असं उघडउघड लंगडं कारण देतात, तेव्हा खरं कारण सांगण्याची त्यांना लाज वाटत असते, किंवा ते सांगून कुणी ऐकेल असा भरवसा नसतो.

आज याच निघोजे-कुरुळी-चाकण पट्ट्यात इंजिनाचे सुटे भाग करणारे किती तरी छोटे गाळेवाले आहेत. बॅटरीवरच्या गाड्यांचा विषय काढला की त्यांच्यातला एखादा हमखास सांगतो, "ती गाडी घाट चढणार नाही." घाट चढते की नाही हे त्याला चांगलं ठाऊक असतं. बँकेचा हप्ता किती आणि यंत्र कुठलं, हे विचारलं तर तो वेगळंच बोलेल. पण ते विचारतो कोण?

किर्लोस्करांना मात्र विचारणारा एक भेटला. बेळगाव नगरपालिकेनं त्यांची कारखान्याची जागा खाली करायला लावली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, काय हवं ते सांगा, असं म्हणून कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं. 10 मार्च 1910 ला निवडुंगाच्या आणि नागांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी बसली. ज्या माणसाच्या नांगरानं सुताराची झोप उडवली, तोही तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी सुधारणेपायी बिऱ्हाड गुंडाळून निघालेला होता.

*

निघोज्यात विचारलं ते आक्कानं. आक्का पाटलांची थोरली बहीण, लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. घरातली किल्ली तिच्या कमरेला आणि खळ्याचा हिशेब तिच्या डोक्यात. चावडीवर तिला जागा नव्हती, म्हणून ती सुताराच्या दारात गेली. कुळवाची दिंड मोडल्याचं निमित्त केलं.

"सुतारदादा, रान नासतं ते मी ऐकलं. आता मला खरं सांग."

"खरंच सांगितलं, आक्का."

"तू वर्साला किती फाळ बसवतोस?"

सुतार गप्प.

"त्ये लोखंडाचंच का लाकडाचं?"

सुतारानं वाकस खाली ठेवली. बराच वेळ तो तासलेल्या ढलप्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आक्का, यंदा पाटलांनी नांगर इकत आनला. फुडल्या साली दुसरा आनंल. नांगर दुकानातनं आला, फाळ दुकानातनं आला, मंग मी खळ्यावर कशापायी यायचं? कुन्या तोंडानं पेंढी उचलायची? आन् चावडीवर हे बोललो असतो तर लोक म्हनलं असतं, सुताराला सोताच्या पोटाची पडलीय."

"मग काळ्या आईच्या पोटाची म्हणालास."

"तिचं ऐकत्यात लोक."

आक्का हसली नाही. तिनं घरी येऊन भावाला सांगितलं, "त्याला तुझ्या नांगराचं भ्या नाही. खळं बंद होण्याचं आहे." पाटील म्हणाले, "मग त्याला सांग, पेंढी देत जाऊ." आक्का म्हणाली, "फुकटची पेंढी तो किती साल घेईल? आणि तुझी सून किती साल देईल?"

यावर घरात चार-पाच दिवस कुजबुज झाली, भांडणही झालं. धाकट्याचं म्हणणं, नांगर आपला, सुताराला विचारायचं कशाला. पण नांगर वापरायला बाहेर काढला तेव्हा त्यालाच घाम फुटला. त्या नांगराला एक बैलजोडी पुरत नव्हती, तीन जोड्या लागत होत्या. सहा बैल एका ओळीत ओढतील अशी जवं गावात नव्हती. साखळी कुठं अडकवायची, खोली कशी बांधायची, बोल्ट ढिला झाला तर काय करायचं, हे कॉलेजच्या शेतावर नुसतं बघून आलेल्याला कसं कळावं? दुसऱ्या तासालाच नांगर एका बाजूला कलला आणि बैल बुजाडले.

शेवटी ठरलं ते असं. नांगर पाटलांचा, पण राहील सुताराच्या दारात. जवं तो घडवेल. नांगर लावून द्यायला बांधावर तो जाईल, मोडला तर तोच सांधेल. फाळाची धार लोहार काढेल. ज्याला नांगरट करून हवी त्यानं दिवसामागं ठरल्याप्रमाणे बाजरी द्यायची. त्यातला वाटा सुताराचा, आणि लाकडी आऊतांच्या पेंढ्या होत्या तशाच. सुतारानं हो म्हणायला एक रात्र घेतली. सकाळी येऊन त्यानं एकच अट घातली: "चावडीवर मी जे बोललो त्याची कुणी आठवन काढायची न्हाई." आणि खरंच, पुढच्या वर्षी गंजाच्या विषाचं नाव निघोज्यात कुणी काढलं नाही. तीच माणसं बांधावर नांगराच्या पाळीसाठी भांडत होती.

*

इथं गोष्ट संपवली असती तर लहान मुलांच्या पुस्तकात शोभली असती. पण आक्काच्या एका प्रश्नानं एवढं सगळं मिटेल इतकी ती वर्षं सोपी नव्हती.

पहिली अडचण जमिनीचीच. निघोज्यापासून चार-पाच कोसांवर पवनेकाठी पिंपळे सौदागर आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी त्याच सुमारास त्या गावाचा बांध न् बांध तपासला आणि 1917 साली पुस्तक छापलं. 1771 साली तिथं एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 च्या सुमारास ती 7 एकरांवर आली होती. तीही सलग नाही. 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे, आणि त्यातले 463 एकरापेक्षा लहान. अशा तुकड्यात सहा बैल आणि साखळी घेऊन वळायचं कुठं? निघोज्यात काही निराळं नव्हतं. मळ्यात लोखंडी नांगर फिरला, पण भावकीत वाटलेल्या पट्ट्यांवर जुनाच लाकडी नांगर चालू राहिला. सुताराची बाभूळ वाया गेली नाही, याचं श्रेय आक्काला थोडं आणि गावच्या दारिद्र्याला जास्त.

दुसरी अडचण लढाईची. 1914 नंतर लोखंड महागलं, सुटा भाग मागवला तर येईना. सुतार आणि लोहार मिळून तुटका नांगर गाडीच्या जुन्या धावेच्या पट्ट्या ठोकून चालवत राहिले. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना दिवसरात्र चालू लागला आणि रोख पगारावर माणसं घेऊ लागला. सुताराचा मुलगा तिकडं गेला. महिन्याच्या महिन्याला हातात पैसा पडतो, पावसाची वाट बघावी लागत नाही, हे त्यानं पहिल्यांदा घरी येऊन सांगितलं तेव्हा सुताराला वाईट वाटायला हवं होतं. पण 1918 साली पाऊस गेला, मागून मानमोडीची साथ आली, खळी ओस पडली, आणि त्या वर्षी घर चाललं ते खडकीच्या पगारावर. खळ्याला धरून बसलेल्या बापाला मुलाच्या पगारानं जगवलं. म्हातारा हे लपवायचा नाही. "माजी पेंढी आता खडकीला मळत्यात," म्हणायचा.

*

तिसरी गोष्ट विजेची, आणि हिच्यात आक्का नव्हती.

इंद्रायणी लोणावळ्याकडून येते. तिच्या उगमाजवळ वळवण इथं टाटांनी धरण बांधलं, पावसाचं पाणी अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खोपोलीला सोडलं आणि 1915 साली त्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरवल्या. निघोज्याच्या नदीचं पाणी असं मुंबईच्या कामाला लागलं. गावात त्याची चर्चा झाली नाही. ज्याला चाकणच्या बाजारात कळलं त्यानं कौतुकच केलं. पाण्यातून वीज काढणं ही खरोखरच कौतुकाची गोष्ट होती. त्या गिरण्यांचा कोळसा वाचला, धूर कमी झाला, यात खोटं काही नाही.

मग टाटांनी मुळशीत हात घातला. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण, आणि त्याखाली पन्नासेक गावं. सुताराची लेक त्याच खोऱ्यात दिलेली. जावईही सुतारच, मावळातल्या भातखाचरांचे नांगर घडवणारा. मावळे म्हणाले, जमीन देणार नाही. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, ते धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पुढं सेनापती बापटांनी हा लढा अंगावर घेतला. काही महिने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली, आणि 1924 च्या अखेरीस सत्याग्रह विझला.

त्या वेळी शहाणी माणसं वर्तमानपत्रांतून विचारत होती, चार खाचरांसाठी देशाची वीज अडवायची का? हे वाक्य वाचलं की मला चावडीवरची संध्याकाळ आठवते, फक्त उलटी. निघोज्यात नाही म्हणणाऱ्याच्या दारात कुणी तरी गेलं. मुळशीत सरकारनं 1894 चा भूसंपादनाचा कायदा पुढं केला आणि कागदावर ज्याचं नाव त्याला मोबदला, असं सांगितलं. कागदावर पुष्कळ ठिकाणी नाव होतं पुण्याच्या सावकाराचं. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा नुसता कूळ ठरला, आणि मोबदल्याचा आकडा सुधारतोय असं दिसताच सावकारांचे पाय मागं सरले. लढ्याची कंबर तिथंच मोडली.

जावयाचं तर सावकाराच्या कागदावरही काही नव्हतं. जमीन त्याची नाही, कूळही तो नाही. त्याचा हक्क होता तो वीस-पंचवीस खळ्यांवरच्या पेंढ्यांवर. गाव पाण्याखाली गेलं की खळी गेली, आणि खळ्यावरच्या सुताराच्या हक्काला किती रुपये, असं त्या कायद्यात एकही कलम नव्हतं. तो कचेरीत एकदा गेला. कारकुनानं विचारलं, "उतारा?" तो म्हणाला, "मी सुतार हाय." कारकुनानं पुढच्या माणसाला हाक मारली.

*

1925 च्या उन्हाळ्यात जावई बायको-पोरांसह निघोज्यात आला. हत्याराची पेटी तेवढी बरोबर होती. गावानं जेवढं करता येईल तेवढं केलं, पण एका गावात दोन सुतार पोसणार कसे? सासऱ्याच्या पेंढ्यांत वाटणी मागायला त्याचं तोंड होईना. आक्का आता फार थकली होती. ओसरीवरून उठायची नाही. तिनं निरोप धाडला की गावात लोखंडी नांगर आणखी एक येतोय, चार घरांनी मिळून घेतलाय, तो जावयाच्या दारात ठेवा.

नांगर आला. सासऱ्यानं त्याला फाळ बदलायला, खोली बांधायला, सहा बैलांची जवं जुळवायला शिकवलं. भातखाचरांच्या चिखलात वाढलेल्या माणसाला माळावरची कोरडी नांगरट सुरुवातीला जमेना. पण दोन महिन्यांत हात बसला आणि तो नांगर घेऊन शेजारच्या गावांतून फिरायला लागला. मोईला गेला, कुरुळीला गेला. चिंबळीच्या शिवेवर एका मळ्यात तास धरला, आणि दुपारी तिथला सुतार चार माणसं घेऊन बांधावर येऊन उभा राहिला.

"आमच्या गावात हे लोखंड चालायचं न्हाई. रान नासतं त्येनं. काळी आई मरती."

जावयानं नांगर सोडला आणि निघोज्याला निरोप पाठवला. म्हातारा सुतार दुसऱ्या दिवशी काठी टेकत चिंबळीत गेला. चारचौघांत तो बोलला नाही. चिंबळीच्या सुताराला त्यानं बाभळीखाली बाजूला घेतलं, तंबाखू दिली आणि विचारलं, "तुझ्या खळ्यांवर किती आऊतांच्या पेंढ्या येत्यात?"

चिंबळीचा सुतार म्हणाला, "त्याचा आन् ह्याचा काय संबंद?"

"मला ठावं हाय. म्या बी तेच बोललो व्हतो."

चिंबळीचा सुतार बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग त्यानं आऊतांचा आकडा सांगितला. म्हाताऱ्यानं त्याला ठराव सांगितला: तुमच्या शिवंत नांगर चालंल तेव्हा दिवसामागं तुझा वाटा येगळा काढायचा, मोडतोड झाली तर तू सांधायची, तुझ्या लाकडी आऊतांना आमी हात लावनार न्हाई.

"आन् सहा बैलांची जवं?" चिंबळीचा सुतार म्हणाला. "आमच्या रानात तुमच्या जवांवर नांगर चालायचा न्हाई. जवं मी घडवनार. बाभूळ माजी."

त्या जवांवरून दोघे दिवस मावळेपर्यंत भांडत होते.